पाटीपुरते इनामदार

"डास," सौरभ म्हणाला. "मॅडम, डासांचं काय सांगू तुमाला. हितं बसून चहा प्यायची सोय न्हाय. कपात पडत्यात."

मेहजबीन कठड्यावर हात ठेवून उभी होती. चार मजले खाली तळे पसरले होते. वाऱ्याने त्याच्यावर बारीक चुण्या पडत होत्या. काठाच्या फरसबंद वाटेवरून दोन बायका, साडीखाली पांढरे बूट घालून, हात हलवत भरभर चालल्या होत्या.

"आणि ओल. ही भिंत बघा. आत्ता चांगली दिसतीय, पण पावसाळ्यात हात लावला की हाताला पाणी."

"भिंत नवीन आहे," ती म्हणाली.

"भिंत नवीन हाय, पण तळं जुनं हाय ना."

हे उत्तर आपल्याला कसे सुचले, याचे त्याला क्षणभर समाधान वाटले असावे, कारण तो लगेच उन्हाळ्यातल्या वासाकडे वळला. पाणी आटले की गाळ उघडा पडतो, गाळाला वास येतो, वास पडद्यांत बसतो. शिवाय साप.

"चौथ्या मजल्यावर?"

"वर येत न्हाईत. पण खाली दिसला की मन घाबरतं. एकट्या माणसाचं तर जास्तच."

गेल्याच आठवड्यात, याच कठड्याशी उभे राहून, बिल्डरसाठी फ्लॅट विकणाऱ्या याच तरुणाने सांगितले होते की इथे राहायला आलेल्या माणसाचे ब्लडप्रेशर आपोआप खाली येते. एक डॉक्टर गिऱ्हाईक त्याला म्हणाले होते, 'सौरभ, हे घर न्हाय, औषध हाय.' त्या दिवशी तळ्यात डास नव्हते, गाळ नव्हता, साप नव्हते. होते ते फक्त बगळे, आणि तेही जणू बिल्डरच्या खर्चाने आणून सोडलेले. एका आठवड्यात एखाद्या जलाशयाची एवढी अवनती कशी होते, हा प्रश्न पाटबंधारे खात्याचा नव्हता. तो आधार कार्डाचा होता.

मेहजबीन बारामतीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. नवरा एसटीत चालक होता. तो ऐन उमेदीत गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर ती लागली. तेव्हापासून तिचे आयुष्य एका खिडकीमागे, एका ध्वनिक्षेपकासमोर गेले. 'कन्हेरीमार्गे जाणारी', 'लासुर्णेमार्गे इंदापूरला जाणारी', 'भिगवणला जाणारी'. दोन तालुक्यांतल्या माणसांनी तिचा आवाज ऐकून पिशव्या उचलल्या होत्या. चेहरा कुणी पाहिला नव्हता, आणि फलाटावर घाईत असलेल्या माणसाला आवाजाचे नाव विचारायचे सुचत नाही.

फोनवर ती नेहमीच 'मी इनामदार बोलतेय' म्हणे. आगारात सगळे आडनावानेच बोलत. हे आडनाव तिच्या सासऱ्यांच्या पूर्वजांना लासुर्ण्याजवळच्या एका पिराच्या दिवाबत्तीसाठी मिळालेल्या जमिनीतून आले होते. त्याच राज्यकर्त्याने, बहुधा त्याच दुपारी, आणखी कुणाला देवळाच्या पूजेसाठी जमीन दिली असणार आणि तोही इनामदार झाला असणार. देणाऱ्याने काम पाहिले. पुढे वंशजांनी धर्म पाहिला. जमीन दोघांचीही गेली. आडनाव तेवढे सामाईक राहिले, आणि सौरभची चूक तिथेच झाली.

पहिल्या भेटीत ती सुती साडी नेसून आली होती. सौरभने तिला बागेची जागा दाखवली. "तितं गणपतीचं मंदिर होणार हाय, मॅडम. तुमच्यात चतुर्थी कडक असंल न्हाय? लांब जायला नको."

ती म्हणाली होती, "चांगलं आहे." यात खोटे काहीच नव्हते. बागेत मंदिर असणे चांगलेच. पण एखादे दार आपल्यासाठी इतक्या सहज उघडताना पाहण्याचा अनुभव तिला नवा होता, आणि ते तसेच थोडा वेळ उघडे राहावे असे तिला वाटले. मग तिने बुकिंगसाठी आधार कार्डाचा फोटो पाठवला. सौरभचा फोन लागेनासा झाला. आणि एके दिवशी त्याचाच फोन आला, 'मॅडम, घाईनं ठरवू नका, पुन्हा एकदा बघून घ्या.'

म्हणून ती आज पुन्हा बघत होती.

"तुझं गाव कुठलं?" तिने विचारले.

"कन्हेरी."

"वडील?"

"ऊस हाय आमचा."

"उद्या त्यांनी हे घर घ्यायचं म्हटलं, तर त्यांनाही तू साप दाखवशील?"

सौरभने खिशातून मोबाईल काढला, त्यात काहीच आले नव्हते, तो परत ठेवला. "मॅडम, मी पगारी माणूस हाय," तो म्हणाला. त्या सकाळी त्याच्या तोंडून निघालेले ते एकमेव खरे वाक्य होते, आणि ते त्याने इतके हळू उच्चारले की तिला त्याची कीव आली. कीव आल्याचा तिला रागही आला. तो राग कुणावर काढावा, हे मात्र कळेना.

"मग जे सांगायला लावलंय ते एका वाक्यात सांग. मी आयुष्यभर एका वाक्यात गाड्या सोडल्यात."

"त्यापेक्षा तुमी आप्पासाहेबांना भेटा," तो म्हणाला. "सोसायटीचे चेअरमन हायत. लई चांगला माणूस."

आप्पासाहेब दुसऱ्या मजल्यावर राहत. समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. थोर पुरुषांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्यांना आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना बोलावणे असे, आणि समतेवरचे त्यांचे व्याख्यान ऐकून मुले गंभीर होत, असे म्हणतात. दिवाणखान्याची एक भिंत पुस्तकांनी भरलेली होती. त्यांनी मेहजबीनला बसायला सांगितले, स्वतः पाणी आणले आणि सौरभला बाहेर पाठवले.

"त्याने तळ्याला नावं ठेवली असतील. लहान माणूस आहे, त्याला दुसरी भाषा येत नाही. तळं उत्तम आहे. मी रोज पहाटे तळ्याला फेरी मारतो."

"मग अडचण कसली आहे?"

आप्पासाहेब एकदम पुढे झुकले. "थांबा. हा आवाज... इंदापूर गाडी. अहो, वर्षानुवर्षं मी तुमच्या आवाजावर विसंबून घरी गेलोय. काय उच्चार. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचो, मराठी ऐकायची तर स्टँडवर जाऊन बसा." त्यांचा आनंद अगदी निखळ होता. अशा माणसांचे हेच अवघड असते. त्यांचे प्रेमही खरे असते.

"अडचण," मेहजबीनने आठवण करून दिली.

"हां. हे पाहा, माझा विरोध नाही. असण्याचा प्रश्नच नाही, माझी हयात याच विषयावर बोलण्यात गेली."

"मग कुणाचा आहे?"

"तसा कुणाचाच नाही. एकेकट्याला विचारलंत तर कुणीही नाही म्हणणार नाही. पण चौघं एकत्र बसले की एक वातावरण होतं." हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू वातावरण पश्चिमेकडून येते, आणि आपण फार तर छत्री बाळगू शकतो. "म्हणून मी मार्ग काढलाय. तुम्हाला घर मिळेल. मी शब्द देतो. फक्त दारावर पाटी लावाल ती नुसती 'इनामदार' अशी लावा. खाली पत्रपेटीवर इनामदार, ग्रुपवर इनामदार. त्यात खोटं काही नाही, तुमचंच आडनाव आहे. समितीतल्या दोघांना माहीत असेल, बाकीच्यांना कळायचं कारण नाही."

"कुणी नाव विचारलं तर?"

"कोण विचारतं हो? चांगल्या वस्तीत नाव विचारत नाहीत. काकू म्हणतात, मॅडम म्हणतात."

"आणि माझ्याकडे माणसं आली तर?"

"यावीत की. घर तुमचं आहे. फक्त वेषाचं जरा..."

"भाऊ शर्ट-पँट घालतो."

"उत्तम."

"त्याची बायको बुरखा घालते."

आप्पासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्यांना दुपारी येता येईल का? दुपारी सगळे झोपलेले असतात."

भिंतीवरची पुस्तके जागच्या जागी होती. एकही खाली पडले नाही. मेहजबीन विचार करून सांगते म्हणाली आणि उठली. आप्पासाहेब तिला लिफ्टपर्यंत सोडायला आले. लिफ्ट येईपर्यंत ते तिच्या आवाजाविषयीच बोलत होते.

ती भावाकडे, भिगवणला राहत होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर गुलजारने तिला लासुर्ण्याहून आणले आणि स्वयंपाकघरामागची खोली दिली, तेव्हापासून ती त्याच खोलीत होती. गुलजारचा मुलगा अयान याचे लग्न ठरले होते. खोली सोड, असे तिला कुणी म्हटले नव्हते, म्हणणारही नव्हते. एवढेच झाले होते की एके दिवशी ती कामावर असताना सुतार येऊन तिच्या पलंगामागच्या भिंतीचे माप घेऊन गेला. नवऱ्या मुलीच्या कपाटासाठी. भिंतीवर पेन्सिलीच्या दोन खुणा राहिल्या होत्या. तिने त्या पुसल्या नाहीत, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोलले नाही.

गुलजारचे हॉटेल हमरस्त्यावर होते. उजनीच्या फुगवट्यातला मासा, ज्वारीची भाकरी आणि पुण्या-सोलापूरच्या गाड्या. दुपारची वर्दळ ओसरली होती. तो गल्ल्यामागे बसून बडीशेप चघळत होता. तिने सगळे सांगितले. दुपारी येण्याचे मात्र सांगितले नाही. त्याची बायको करीमा भटारखान्याच्या दारात उभी होती आणि तिच्यासमोर ते सांगवेना.

"मग अडलं कुठं?" गुलजार म्हणाला.

"तुला काहीच वाटत न्हाय?"

"आपा, हिशेब कर. लिफ्ट हाय. दवाखाना जवळ. चोवीस तास पाणी. म्होरं तळं. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काय? नाव. तुझं नाव रोज घेतंय कोण? अम्मी घ्यायची, ती गेली. मी आपा म्हणतो, अयान फुपी म्हणतो, आगारात मॅडम. जे कुणी घेतच न्हाय, ते पाटीवर कुणासाठी लिवायचं?"

तिला आठवले ते एवढेच की नवरा तिला नावाने हाक मारायचा, पूर्ण, पाचही अक्षरे सुटी करून, जणू प्रत्येक अक्षराला थांबा आहे. ते भावाला सांगण्यासारखे नव्हते.

"आणि माझं काय बघतीस," गुलजारने बोट वर केले. पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत 'हॉटेल युवराज' होते. "युवराज कोण हाय आपल्यात? पयल्या वर्षी अब्बांच्या नावानं काढलं हुतं. मासा ह्योच, मसाला ह्योच. माशा मारत बसलो. बोर्ड बघून ब्रेक लागतो आपा, मासा बघून न्हाय. आता गिऱ्हाईक मला युवराजशेठ म्हणतंय."

"आणि तू?"

"मी ओ देतो."

तो हसला. बारा गावचे पाणी प्यायलेल्या माणसाचे ते हसू होते, आणि त्याला स्वतःची लाज वाटत नव्हती. ती वाटायचे दिवस होऊन गेले होते. मेहजबीनने त्याच्याकडे पाहिले. हा तिचा धाकटा भाऊ. शाळेत हजेरीला मास्तरांनी याचे नाव चुकवून 'गुलजारी' म्हटले तर हा वर्गातून उठून घरी यायचा.

"आपा, तुमी घाई नका करू," करीमा दारातून म्हणाली. "लग्नाला अजून वेळ हाय."

घाई नाही, हे माणसाला घाई असतानाच सांगितले जाते. करीमा वाईट नव्हती. तिने हे खरोखरच प्रेमाने म्हटले होते. पण त्या एका वाक्याने दोन्ही बाजूंचा हिशेब मिटला, आणि मेहजबीनने दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांना होकार कळवला.

खरेदीखतावर तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव हे सगळे आले, कारण सरकारी कागदाला अर्धा माणूस चालत नाही. पाटी मात्र आप्पासाहेबांनी स्वतः करवून आणली, सोसायटीकडून भेट म्हणून. पितळी, बाकीच्या दारांवर होती त्याच वळणाची. ती लावताना ते दोन पावले मागे सरले, मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाले, "शोभते."

शेजार चांगला निघाला. समोरच्या घरातून पहिल्याच आठवड्यात पुरणपोळी आली. संक्रांतीला तिळगूळ आला. हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलावले नाही, ती विधवा आहे म्हणून. अशा रीतीने एका जुन्या अन्यायाने दुसऱ्या अन्यायाची अडचण परस्पर निवारली. बायका जिन्यात भेटल्या की तिच्याशी मोकळेपणाने बोलत. त्या मोकळेपणात 'त्या लोकांविषयी'ही बोलत: वस्ती कशी वाढतेय, बाजारातली कुठली दुकाने टाळावीत. ती ऐकून घेई. एकदा तिने विषय बदलला तर समोरची म्हणाली, "तुम्ही फार साध्या आहात हो काकू, तुम्हाला जगाची कल्पना नाही."

करीमा एकदाच आली. दुपारी. कुणी सांगितले नसताना तिने बुरखा रिक्षातच काढून पिशवीत घातला होता, म्हणजे हे शहाणपण तिच्याकडे आधीपासूनच होते. बाल्कनीत उभी राहून ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "लई झाक जागा हाय, आपा," ती म्हणाली. मग तिने पिशवी उघडून आपला बुरखा नीट घडी करून ठेवला आहे का, ते पाहिले.

त्याच मजल्यावरचे शेवटचे रिकामे घर विकले जायचे होते. माघातल्या एका संध्याकाळी आप्पासाहेबांनी दार वाजवले. बरोबर सौरभ होता आणि पुण्याहून आलेले एक तरुण जोडपे.

"आमच्या इनामदार मॅडम," आप्पासाहेब म्हणाले. "त्यांचं घर बघा म्हणजे मांडणीची कल्पना येईल."

तिने त्यांना आत घेतले. नवरा भिंती ठोकून बघू लागला. बायको थेट बाल्कनीत गेली. तिचे नाव प्रगती असल्याचे तिने आल्या आल्या सांगितले होते. आपले नाव असे दारातच सांगून टाकायची तिला सवय होती. सौरभ तिच्या मागोमाग जाऊन बगळ्यांविषयी बोलू लागला. मेहजबीनकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

प्रगती आत आली आणि सोफ्यावर तिच्या शेजारी बसली. "काकू, बिल्डर काय, सगळं गोडच सांगणार. तुम्ही राहता, तुम्ही खरं सांगा. तोटे काय आहेत?"

"तोटे," मेहजबीन म्हणाली.

"म्हणजे माणसं कशी आहेत? हल्ली काही सांगता येत नाही ना. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एकाने गुपचूप भलत्यांना विकलं, आता सगळं बिघडलं. इथे सगळे आपल्यातलेच आहेत ना?"

सौरभ बाल्कनीच्या उंबऱ्यात थांबला. आप्पासाहेबांनी चष्मा काढला आणि तो सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. पुसून झाल्यावरही ते पुसत राहिले.

मेहजबीनने त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यात दुष्टपणा शोधून सापडला नसता. भाजी ताजी आहे ना, असे विचारताना असतो तसा तो चेहरा होता. उत्तर द्यायला फार वेळ नव्हता. आणि एक उत्तर तिच्याकडे होते, पाच अक्षरांचे, ते तोंडातून बाहेर पडले असते तर ही मुलगी सोफ्यावरून उठली असती, आप्पासाहेबांचा मार्ग बंद झाला असता, आणि भिगवणच्या खोलीत आता भिंतभर कपाट होते.

"सगळे आपल्यातलेच आहेत," ती म्हणाली. स्पष्ट, सावकाश, एकही अक्षर न गाळता.

"किती छान बोलता हो तुम्ही," प्रगती म्हणाली आणि तिने मेहजबीनचा हात हातात घेतला.

ती मंडळी निघाली. आप्पासाहेब मागे रेंगाळले. त्यांना काही म्हणायचे होते, पण त्यांच्या आयुष्यभराच्या व्याख्यानांत त्यासाठी तयार वाक्य नव्हते. शेवटी ते एवढेच म्हणाले, "येतो."

बाहेर ऊन कलले होते. अजानीचा आवाज इथवर येत नसे. वेळ ती मोबाईलवर बघे. तिने बाल्कनीचे सरकते दार लावले, कारण शेजारच्या बाल्कनीतून आतले दिसत होते. मग जाड पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला आणि मधली फट चिमट्याने बंद केली. कपाटातून नमाज पढायचा जानमाज काढून फरशीवर पसरला, डोक्यावरचा पदर कानांमागे घट्ट केला आणि उभी राहिली.

सूर्य तळ्यावर आला होता. पडद्याचे कापड पेटल्यासारखे लाल झाले होते आणि पाण्यावरची थरथर त्यावर खालून वर सरकत होती. तिने डोळे मिटले. तळ्याकडे पाठ करण्याची सोय नव्हती. काबेची दिशा तीच होती.